गच्चीवरची सेंद्रिय भाजी : कुंडीत काय भरायचं, चिपाडं वापरायची का? (सांगली-सातारकरांनी लिहा)

वेलमांडव (विश्रामबाग, सांगली)

रोहिणी संपत आल्यात, मृग तोंडावर आलाय आणि दरवर्षी याच दिवसांत ओळखीपाळखीतनं मला तेच प्रश्न येतात, कुंडी कुठली घेऊ, माती कुठनं आणू, बी कुठलं लावू, म्हणून म्हटलं एकदा धागाच काढूया, सगळ्यांनी आपापलं लिहा म्हणजे एका जागी राहील.

माझं म्हणणं आधीच सांगते. बी, औषध, टॉनिक या सगळ्या नंतरच्या गोष्टी आहेत. कुंडीत जे भरतो ते जिवंत असलं पाहिजे, भुसभुशीत असलं पाहिजे, मग बाकीचं निम्मं आपोआप होतं. आणि हे भरायला लागणारं सगळं आपल्याकडं फुकट नाहीतर अगदी स्वस्तात मिळतंय, महागडं पॉटिंग मिक्स ऑनलाइन मागवायची काही गरज नाही.

मी जे करते ते असं. रंगाचे २० लिटरचे डबे (डिस्टेंपरचे, ऑइल पेंटचे किंवा केमिकलचे ड्रम अजिबात घेऊ नका), त्यांना बुडाशी भोकं न पाडता बुडापासून अर्धा इंच वर बाजूनं पाडायची म्हणजे खाली थोडं पाणी राहतं आणि उन्हाळ्यात रोप दुपारी मान टाकत नाही. द्राक्षाचे फुटके क्रेट तासगाव-मिरजेकडं भंगारात मिळतात, आत गोणपाट अंथरलं की पालेभाजीला याच्यासारखं भांडं नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, माठ, चुका यांना सहा ते आठ इंच खोली पुष्कळ झाली. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडीला बारा इंच तरी हवीत, आणि दुधी-दोडका-कारलं लावायचं तर दीड फूट खोल, चाळीस-पन्नास लिटरचं काहीतरी घ्या, छोट्या कुंडीत वेल नुसता हातभर वाढून बसतो.

भरताना एक वाटा माती, एक वाटा चांगलं मुरलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि एक वाटा कुजवलेली चिपाडं (रस काढल्यावर राहिलेला उसाचा चोथा). रसवंतीवाले चिपाडं तशीच देतात, त्यांना ती टाकायचाच प्रश्न असतो. डब्याला एक ओंजळ निंबोळी पेंड. पाणी घालून आठ-दहा दिवस तसंच सोडायचं, ते खाली बसतं, वरनं परत भर घालायची आणि मगच रोप लावायचं.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

ताई छान सुरुवात केलीत. माझी अडचण वेगळी आहे, घर जुनं आहे, गच्चीवर कोबा आहे आणि घरच्यांचं म्हणणं की कुंड्या ठेवल्या की स्लॅब गळणार. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडं माकडं येतात, टोमॅटो हिरवा असतानाच नेतात. त्यावर काही उपाय आहे का कुणाकडं?

बीमकॉलम (मिरज)

मी बांधकामातला माणूस आहे त्यामुळं वजनाचं मी सांगतो, माकडांचं दुसरं कुणीतरी सांगा.

वर जायला जिना असलेल्या गच्चीसाठी आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन एवढा भार धरलेला आहे, म्हणजे साधारण १५० किलो, चौरस फुटाला १४ किलोच्या आसपास. आता २० लिटरचा डबा नुसत्या काळ्या मातीनं भरला आणि पाणी घातलं की तो तीस किलोच्या वर जातो आणि जागा घेतो फूटभरच. असे डबे एकाला एक चिकटून अख्खी गच्ची भरली तर हिशोब कुठं जातो ते तुम्हीच बघा. वेलमांडव ताई सांगतायत तसं चिपाडं-कोकोपीट मिसळून भरलं तर वजन जवळपास निम्म्यावर येतं, मला त्यांची पद्धत त्यासाठीच आवडली. शिवाय कुंड्या मधोमध स्लॅबवर न ठेवता कडेनं, खाली बीम किंवा भिंत आहे तिथं ओळीनं ठेवायच्या, मधली जागा चालायला मोकळी.

गळतीचं म्हणाल तर कुंडीमुळं स्लॅब गळत नाही, कुंडीखाली सतत साचून राहिलेल्या ओलीमुळं गळतो. प्रत्येक डबा विटांवर नाहीतर लोखंडी स्टँडवर चढवा, खालनं वारा आणि झाडू दोन्ही जायला पाहिजेत, आणि पावसाळ्याआधी पाणी जायच्या पाइपाचं तोंड साफ. कोब्याला आधीच भेगा असतील तर त्या भरून घेतल्याशिवाय एकही कुंडी वर नेऊ नका. घर खूपच जुनं असेल, माळवदाचं वगैरे, तर कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवूनच ठरवा, इथं वाचून नाही.

नवीमशागत (कुपवाड)

माझा प्रश्न चिपाडांचाच आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून मी मार्चमध्ये रसवंतीवरनं पोतंभर चिपाडं आणून, बारीक करून, मातीत मिसळून मिरची आणि वांगी लावली. रोपं जगली पण वाढच नाही, खालची पानं पिवळी पडत चालल्यात. शेणखत पण घातलंय. बुरशी आहे का? पांढरं जाळं दिसतंय चिपाडांवर.

काळीआई (कसबे डिग्रज)

नवीमशागत, ते पांढरं जाळं चांगलंच आहे, कुजवणारी बुरशी आहे ती, रोपाला काही करत नाही. पिवळेपणाचं कारण दुसरं आहे आणि ते समजून घेतलं तर पुढं कधी अडणार नाही.

चिपाडात कर्ब (कार्बन) खूप आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. कुजताना जिवाणूंना कर्बाबरोबर नत्रही लागतं, पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असं प्रमाण त्यांना सोयीचं. चिपाडात ते प्रमाण शंभराच्या आसपास असतं. मग जिवाणू कमी पडलेलं नत्र कुठनं घेतात, तर मातीतनं. रोपाच्या तोंडचा घास तिकडं जातो. रोप वरच्या कोवळ्या पानांना वाचवायला खालच्या जुन्या पानांतलं नत्र उचलतं म्हणून पिवळेपणा खालनं सुरू होतो. हीच गोष्ट उसाच्या पाचटाची, लाकडाच्या भुशाची, वाळल्या नारळाच्या शेंड्यांची. कारखान्याची ताजी प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर राहणारा गाळ, आणली तर तिची गोष्ट वेगळी, ती कुजताना इतकी तापते की मुळं भाजतात, ती पण दोन-तीन महिने मुरवूनच वापरायची.

आता रोपं आहेत तशी ठेवा. पाण्यात भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी आठवड्यातनं एकदा द्या, किंवा गोमूत्र एकास दहा पाणी घालून, जिवाणूंची भूक भागली की रोपाला मिळायला लागतं. आणि पुढच्या वेळी चिपाडं आधी बाहेर कुजवा. एक थर चिपाडं, त्यावर ताज्या शेणाचा काला, थोडी जुनी माती, परत थर, ओल अशी ठेवायची की मूठ आवळली तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी वरखाली करायचं. काळी पडली, मातीचा वास यायला लागला, हातानं चुरली जायला लागली की तयार. त्याला अडीच-तीन महिने लागतात, घाई करू नये.

मी शेतीखात्यात नोकरी केली, शेतकऱ्याच्या एकरभर रानात अशी घाई खपून जाते कारण तिथं खाली माती खोल आहे. कुंडीत मुळाला पळायला जागा नाही, त्यामुळं जे घालाल ते पूर्ण कुजलेलंच घाला.

कृष्णाघाट (वाई)

काळीआई काका फार छान समजावलंत 🙏 मी यात जीवामृताची भर घालतो. १० लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. दहापट पाणी घालून दर पंधरा दिवसांनी मुळाशी. मी दुसरं काहीच घालत नाही, पालेभाज्या भरपूर येतात. गूळ बिनकेमिकलचा घ्या, गुऱ्हाळावरनं डायरेक्ट मिळाला तर उत्तम.

काळीआई (कसबे डिग्रज)

जीवामृत मी पण करतो पण "दुसरं काहीच घालत नाही" हे नवीन माणसानं धरून बसू नये. जीवामृत हे विरजण आहे. दूध असेल तर दही होईल. मातीत मुळात शेणखत, पालापाचोळा असेल तर त्यातलं अन्न ते मोकळं करून देतं, पण स्वतः त्यात नत्र-स्फुरद-पालाश फार थोडं असतं. पालेभाजीचं भागतं कारण ती महिन्यात निघते. वांग्याचं झाड सहा महिने फळ देत उभं असतं, त्याला दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत लागणारच. तुमच्याकडं वाईला चांगली माती आहे, कुंड्यांत ती मुबलक असेल, म्हणून तुमचं चालतंय.

कृष्णाघाट (वाई)

हे मान्य काका, मी कुंड्यांत दरवर्षी उन्हाळ्यात शेणखत भरतोच, ते धरलं नव्हतं मी.

गणपतीपेठ (सांगली)

मातीवरनं विचारतो. आमच्या भागात पुराचा गाळ भरपूर असतो, २०१९ ला आणि परत २०२१ ला तर अंगणात ढीग होते. मळईची माती पिकाला सोनं म्हणतात, कृष्णाकाठची वांगी त्याच मातीतली. मग हा गाळ कुंडीत घातला तर चालेल का? मी पोती भरून ठेवलाय.

वेलमांडव (विश्रामबाग, सांगली)

दादा, नदीकाठच्या रानात पसरलेली मळई आणि शहरातल्या गल्लीत पाणी ओसरल्यावर राहिलेला गाळ यात फरक करायला पाहिजे. गल्लीतल्या गाळात गटारं आलेली असतात, गाड्यांचं तेल, दुकानांतलं काय काय वाहून आलेलं असतं. आपण कुंडीत कोथिंबीर लावतो ती धुऊन का होईना कच्चीच खातो. मी तरी तो गाळ खाण्याच्या भाजीला वापरणार नाही, जास्वंद, कण्हेर, शोभेच्या झाडांना वापरा की खुशाल. रानातली मळई ओळखीच्या शेतकऱ्याकडनं मिळाली तर ती मात्र घ्या, पण ती पण एकटी नको, चिकण असते, कुंडीत वाळली की दगड होते आणि पाणी कडेनं निसटून जातं, मधली मुळं कोरडीच.

काळीआई (कसबे डिग्रज)

बरोबर. आणि आपली काळी माती मुळातच चुनखडीची आहे, पीएच बहुधा ८ च्या आसपास. त्यामुळं यूट्यूबवर बघून अंड्याची टरफलं, चुना, चुलीची राख हे ओतू नका. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम कमी पडल्यामुळं हे खरं, पण आपल्या मातीत कॅल्शियम असतंच, पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडं असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नेमानं द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पुढची फळं नीट येतात. साताऱ्याच्या पश्चिमेकडं, महाबळेश्वर-कासच्या बाजूला तांबडी जांभ्याची माती आंबट असते, तिथल्यांनी राख घातली तर चालेल.

नवीमशागत (कुपवाड)

काका पेंडीचं पाणी सुरू करते. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, कुंडीच्या काठाला पांढरा थर येतो, त्याचा त्रास होतो का?

काळीआई (कसबे डिग्रज)

होतो, सावकाश होतो. तो क्षार आहे. मिरज, वाळव्याकडची नदीकाठची किती रानं अति पाण्यानं क्षारपड झाली ते आपण बघतोय, कुंडीत तीच गोष्ट छोट्या जागेत होते. रोज कपभर कपभर पाणी देत बसू नका, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतो. देताना खालच्या भोकातनं थोडं बाहेर येईपर्यंत द्या. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर राहू द्या, सगळं धुऊन निघतं. घेवड्याला क्षार सोसत नाही, पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात, तोपर्यंत ते लावा. आणि पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या मशिनीतनं जे वाया जाणारं पाणी निघतं ते कुंड्यांना घालतात लोक, बोअरवर मशीन असेल तर ते घालू नका, त्यात क्षार अजून जास्त असतो.

ढालकिडा (कराड)

किडीवर कुणीच बोललं नाही अजून म्हणून मी लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

मिरचीची पानं मुडपली की सगळे एकच नाव घेतात, बोकड्या आला. पण नीट बघा, पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलंय का खालच्या बाजूला? वर वळलं तर बहुतेक फुलकिडे, खाली वळून लांबट झालं तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, अगदी बारकी कीड असते ती). फुलकिड्यांना कडुलिंबाचं तेल ५ मिली एक लिटर पाण्यात, आधी रिठ्याच्या पाण्यात घोटून घ्यायचं नाहीतर तेल वर तरंगतं आणि फवारणी वाया. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, ते सेंद्रियमध्ये चालतं, पण ऊन कडक असताना अजिबात नको आणि तेल फवारल्यावर दोन आठवडे तरी गंधक नको, पानं करपतात. आणि फवारायचं ते संध्याकाळीच, पानांच्या खालनं.

मावा दिसला की लगेच फवारा घेऊन धावू नका. पहिल्यांदा पाण्याच्या जोरात धारेनं धुवून काढा. चार दिवस थांबून बघितलं तर त्यावर लाल, अंगावर काळे ठिपके असलेले ढालकिडे (लेडीबर्ड) येतात, त्यांची अळी काळी-नारिंगी, बारक्या मगरीसारखी दिसते, तिला बघून घाबरून मारतात लोक, ती मारू नका, तीच मावा खाते.

आत्ता करायचं काम म्हणजे निंबोळ्या गोळा करा. जून-जुलैत झाडाखाली सडा पडलेला असतो, गर धुऊन सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षभराची सोय. लागतील तेव्हा कुटून ५० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळायची, तोच पाच टक्के अर्क, त्याच दिवशी वापरायचा.

बियांबद्दल एक. पाकिटातल्या बियांना गुलाबी-निळा रंग असतो ते बुरशीनाशक असतं. पालेभाजीला त्याची गरजच नाही, घरातले धणे हातानं रगडून दोन करा, डब्यातली मेथी, राजगिरा, सगळं उगवतं. वांग्याचं बी मात्र गावठी झाडाचं एक फळ पिवळं होईपर्यंत झाडावरच पिकवून धरा. संकरित वाणाचं धरलं तर पुढच्या वर्षी काय येईल भरवसा नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

ढालकिडा दादा, आमच्याकडं पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये ऊनच नसतं, तेव्हा काय लावायचं? आणि माकडं!!

ढालकिडा (कराड)

त्या दोन महिन्यांत टोमॅटोच्या मागं लागू नका, करपा येतो. अळू, अंबाडी, घोसावळं, गवती चहा हे मजेत राहतात. काकडीवर भुरी दिसली, पानावर पांढरी पावडर, तर आंबट ताक एकास दहा पाण्यात फवारा, आधीच सुरू केलं तरच उपयोग होतो. टोमॅटोचं रोप ऑगस्टच्या शेवटी टाका, दिवाळीच्या पुढं फळ खा. उन्हाळ्यातही पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, त्याला खत घालून काही होत नाही.

माकडांना लोखंडी जाळीचा पिंजराच लागतो, शेडनेट ते फाडतात. एवढा खर्च नको असेल तर त्यांना न आवडणारं लावा, मिरची, कारलं, अळू, शेपू, पुदिना, हळद. आमच्या शेजारी याच गोष्टींवर गच्ची भरलेली आहे आणि माकडं नुसती बघून जातात.

बीमकॉलम (मिरज)

हळद कुंडीत येते?

काळीआई (कसबे डिग्रज)

उत्तम येते. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्या गच्चीवर ती नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. सेलम घ्या किंवा आमच्या डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातनं निघालेली फुले स्वरूपा. मे-जूनमध्ये डोळे फुटलेलं कंद दोन इंच खोल, धान्याच्या पोत्यात अर्धं पोतं भरून लावायचं आणि कंद वर दिसायला लागले की भर घालत जायचं, त्यासाठीच वरचं पोतं दुमडून ठेवलेलं असतं. अर्धवट सावली चालते, म्हणजे वेलाच्या मांडवाखालची जागा वाया जात नाही. आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढायची. पाणी साचलं तर कंद कुजतो, पोत्याला भोकं भरपूर ठेवा.

नवीमशागत (कुपवाड)

शेवटचा प्रश्न, दुधीला फुलं भरपूर येतात पण सगळी गळतात, बारका दुधी धरतो आणि पिवळा होऊन पडतो. खत कमी पडतंय का?

वेलमांडव (विश्रामबाग, सांगली)

खताचं नाही गं, परागीकरणाचं आहे. पहिल्यांदा आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मग मादी फूल येतं, त्याच्या देठाशी बारका दुधी असतो, त्यावरनं ओळखायचं. शहरात वरच्या मजल्यावर त्यासाठी लागणारे पतंग-माश्या कमी येतात, म्हणून हातानं करायचं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचं पण संध्याकाळीच, लोक सकाळी चहा घेऊन वर जातात तोपर्यंत वेळ गेलेली असते. दिवेलागणीला जा, ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागं मोड आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरव, एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. काकडी, कारलं, घोसावळं आणि लाल भोपळ्याचं सकाळी करायचं, भोपळ्याचं तर अगदी लवकर.

फळ धरल्यावर तीन-चार दिवसांनी त्याला कागदाची पिशवी नाहीतर जुन्या ओढणीचं कापड बांध, नाहीतर फळमाशी टोचते आणि आत अळ्या होतात. क्यू ल्यूरचा (फळमाशीच्या नराला ओढणाऱ्या वासाचा) सापळा शेतीच्या दुकानात मिळतो, त्यात नर माश्या अडकतात, मांडवापासून जरा लांब टांग. आणि वेल मांडवावर पोचला की शेंडा खुड, बाजूच्या फांद्या फुटतात, मादी फुलं त्या फांद्यांवर जास्त येतात.